मुठीचा ठसा

कॅनडातल्या सस्काटूनच्या एका बेसमेंटमध्ये दोघी मैत्रिणी राहत. पार्ट-टाइम जॉब सुटल्यापासून ईशानीला जाईचा भारी संशय. पोळ्या झाल्या की ईशानी आपल्या डब्यातलं पीठ सारखं करायची आणि वर मुठीचा ठसा उठवून ठेवायची. दुसऱ्या दिवशी ठसा हमखास मोडलेला!

जाई परीक्षेसाठी मोठ्यानं वाचत होती, "सिंधूकाठी धान्य साठू लागलं, शहरं वसली, मालावर मुद्रा उठू लागल्या..."

"म्हणजे चोर तेव्हाही होतेच!" ईशानी फणकारली.

जाईनं मान खाली घातली. ईशानीनं तरातरा जाऊन डबा उघडला. ठसा आजही मोडला होता. पण आज पहिल्यांदाच तिचं लक्ष पिठाकडे गेलं. जॉब सुटल्यापासून तिनं पीठ आणलंच नव्हतं, आणि डबा काठोकाठ भरलेला होता.