एका ‘लई’चं वृत्त

‘लई गार माझा कुडाचाच वाडा,’ अदीबा ठसक्यात म्हणाली आणि तिनं जीभ चावली. सकाळपासूनच्या तालमीत पाचव्यांदा ‘लई’ निसटलं होतं.

शिवराज सरांनी संहिता मिटली. पद्यनाटक त्यांचं स्वतःचं, आणि स्पर्धा परवावर आलेली.

“‘खूप’ लिहिलंय, ‘खूप’ म्हण. तू राजाला नकार देणारी नायिका आहेस, फर्दापूरच्या स्टँडवर उभी नाहीस. तुझ्या त्या ‘लई’नं माझं भुजंगप्रयात वृत्त मोडतं. पुन्हा चुकलीस, तर भूमिका तनुजा करील.”

सर बोलायचे ते असं, इस्त्री केल्यासारखं. अख्खं कॉलेज त्यांना पुण्याचे समजायचं.

अदीबा खरोखरच फर्दापूरची. या भूमिकेसाठी तिनं आठवडाभर अब्बांची मनधरणी केली होती. आणि वृत्तांच्या पेपरात वर्गात पहिली येणारीही तीच.

“सर, कुठं मोडतं ते बघू का?” म्हणत तिनं खडू उचलला.

आधी वरची ओळ लिहिली: नको रे मला हा तुझा राजवाडा. लघू, गुरू, गुरू. चारही वेळा तेच, एकदम चोख. मग खालची: खूप गार माझा कुडाचाच वाडा. अक्षरं बाराच भरली, पण ‘खू’ निघाला गुरू आणि ‘प’ लघू. पहिल्याच पावलाला ठेच. तिनं ‘खूप’ पुसून ‘लई’ लिहिलं. ‘ल’ लघू, ‘ई’ गुरू. ओळ सुरळीत चालायला लागली.

संहिता धरून बसलेली तनुजा फिस्सकन हसली. अदीबानं मात्र खडू खाली ठेवला. सरांची चूक फळ्यावर काढली म्हणजे भूमिका गेलीच की.

सरांनी फळ्यावरची ओळ बोटं मोजत म्हणून पाहिली. मग त्यांनी पिशवीतून नाटकाची पहिली, हातानं लिहिलेली वही काढली आणि त्याच ओळीचं पान तिच्यापुढं धरलं. तिथं निळ्या शाईत ‘लई’ होतं. त्यावर लाल काट, आणि वर नेटकं ‘खूप’. दोन्हींचं हस्ताक्षर सरांचंच.

“तनुजा, संहितेत दुरुस्ती कर,” सर म्हणाले. “‘लई’ लिही. भूमिका हिचीच.”

अदीबाचा जीव भांड्यात पडला. तरी तिला राहवेना.

“सर, तुमचं गाव कोणतं?”

सरांनी वही मिटली आणि कधी नव्हे ते मोकळं हसले.

“गंगापूर. लई वर्षं झाली पोरी, कुणी इचारलंच नाय.”