डाग गेला

"पाणी जरा हळू सोड, डोळ्यांत जातंय!" गाडीखालून तो ओरडला.

बायकोने पाइपवरचं बोट सैल केलं. गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती. तो खाली पोत्यावर उताणा. हातात ब्रश, कोपरापर्यंत काळं. इंजिन वरून धुऊन झालं होतं. डायनॅमो आणि फ्यूजच्या डब्याला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून, रसायन फवारून, मुरू देऊन, घासून. वर्षानुवर्षांचं ग्रीस काळे ओघळ होऊन अंगणभर पसरलं होतं. आता खालची बाजू.

मागच्या चाकाकडे जाणारी ब्रेकची नळी गंजून झिजली होती. तिथून ब्रेक ऑइल पाझरायचं. मेकॅनिकने बोट ठेवून दाखवलं होतं, "ही बदलल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. एक दिवस ब्रेक दाबाल आणि पाय थेट तळाला जाईल." त्याने मान डोलावली आणि गाडी घरी आणली. विकायच्या गाडीवर कोण खर्च करतो?

नळीवर त्याने रसायन मारलं. ब्रश अगदी हलक्या हाताने फिरवला, कारण जोर लावला असता तर ती तिथेच फुटली असती. एवढी काळजी त्याने घेतली. मग चिंधीने पुसलं. डाग गेला. बॉनेटखालची ब्रेक ऑइलची डबी त्याने सकाळीच काठोकाठ भरून ठेवली होती.

कारखान्यात तो आयुष्यभर तपासनीस होता. केसाएवढी चीर दिसली तरी माल परत. कामगार शिव्या घालायचे आणि त्या शिव्यांचा त्याला अभिमान होता.

"अहो, तिकडे मागेही घासा ना," बायको वाकून म्हणाली. "नवीकोरी दिसली पाहिजे."

"अगं, गाडी विकतोय. सासरी नाही धाडत."

"सासरीच समजा," ती हसली.

दुपारी गाड्यांचा एजंट आला. गाडी तो स्वतः विकत घ्यायचा, पुढे कुणाच्या गळ्यात घालायची ते त्याचं तो बघायचा. म्हणून तर त्यालाच बोलावलं होतं. ज्याचा चेहरा माहीत नसतो, त्याला मारताना माणसाचा हात थरथरत नाही.

एजंटने सपाट रस्त्यावर एक फेरी मारली. टॉर्च घेऊन खाली डोकावला. "काका, खाली बसून जेवावं इतकं स्वच्छ! गळती वगैरे काही?"

"दिसतेय का कुठे?"

"छे हो."

तो खोटं बोललाच नाही. ते काम ब्रशने आधीच केलं होतं.

गाडी फाटकाबाहेर गेली. तो काळं निघेपर्यंत, बराच वेळ नळाखाली हात चोळत बसला. बायको टॉवेल घेऊन आली. तिला हसू आवरत नव्हतं.

"आता सांगते. पोटात मावत नव्हतं माझ्या. गाडी जावईबापूंनी घेतलीय! तुम्ही विकताय कळल्यावर आपली लेक रडली होती ना? तिला चकित करायचं होतं त्यांना. तुम्हाला कळलं असतं तर फुकट दिली असतीत, म्हणून एजंटकडून घेतली. दोघं एजंटच्या दुकानातच थांबलीत. अहो... अहो, काय झालं?"

साबणाच्या हातांनीच त्याने एजंटला फोन लावला.

"थांबव त्यांना!"

"गेले की काका. ताई तर अक्षरशः नाचल्या! किल्ली हातात पडताच स्वतःच चालवायला बसल्या. जावई मागून स्कूटरवर. डोंगर उतरून उजेडात घरी पोचायचंय म्हणाल्या."

त्याने जावयाला फोन लावला. वाजून वाजून थांबला. मग लेकीला लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा.

ती उचलणार नव्हती. गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही, हे तिला त्यानेच शिकवलं होतं.