वरचा अंगठा

"बोटांत बोटं गुंफा," पायल मॅडम माईकवरून म्हणाल्या. "विचार नका करू. सवयीनं येतील तशी."

कळव्यातल्या सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्या बायकांनी हात जुळवले. महिला दिनाचा कार्यक्रम होता. विषय, 'तुमचा मेंदू ओळखा'.

"आता बघा, वर कुठला अंगठा आलाय. उजवा असेल तर तुमचा डावा मेंदू पुढे. म्हणजे तुम्ही हिशेबी, शिस्तीच्या. डावा असेल तर उजवा मेंदू. तुम्ही भावनेवर जगणाऱ्या."

एकच गलका झाला. डावा आलेल्या एकमेकींना हात दाखवू लागल्या. एक-दोघींनी गुपचूप अंगठे बदलले.

कलावतीबाईंचा उजवा होता. त्यांनी हात मांडीवर घेतले, पण शेजारच्या चव्हाणबाईंनी पाहिलंच.

"बघा, मी म्हणत नव्हते? ह्यांचे मिस्टर, उत्तमभाऊ, गेले त्या दिवशी आम्ही सगळ्या धाय मोकलून रडतोय, आणि ह्या फोनवर ॲम्ब्युलन्सवाल्याला रस्ता समजावतायत! डोळ्यात टिपूस नाही."

"अजूनही नाही," कलावतीबाई म्हणाल्या. कुणी किती वाजले विचारावं आणि सांगावं, तसं.

"आई, मनावर नका घेऊ," सून समीक्षा कानाशी पुटपुटली.

"मनावर घेणारी असते तर डावा नसता का आला?"

समीक्षाला हसावं की नाही कळेना.

"मला वाटायचंच गं, आपल्यात काहीतरी कमी आहे," कलावतीबाई हळूच म्हणाल्या. "आज त्याचं नाव तरी कळलं."

"आता उलट करा," मॅडम म्हणाल्या. "सगळी बोटं एकेक घर सरकवा. दुसरा अंगठा वर. कसं वाटतंय?"

"चपला उलट्या घातल्यासारखं!" पुढून कुणीतरी ओरडलं.

"मला तर दुसऱ्याच कुणीतरी हात धरल्यासारखं वाटतंय, मॅडम!" मागून आवाज आला.

"कुणी गं? घरी सांगू का?"

हॉल खो खो हसला. मॅडमही हसल्या आणि हात सोडा म्हणाल्या. टाळ्या झाल्या, आभार झाले, समोसे आले. समीक्षानं डिश पुढे केली.

"आई, घ्या ना. गरम आहे."

कलावतीबाईंचे हात मांडीवर अजून गुंफलेलेच होते. डावा अंगठा वर.

"ठेव बाजूच्या खुर्चीवर," त्या म्हणाल्या. "निवला तरी चालेल."