बदललेली मांडणी

बाबांनी बाही कोपरापर्यंत दुमडून फिश टँकमध्ये हात घातला आणि सगळे दगड इकडचे तिकडे केले. मातीचं मडकं तर बाहेरच काढलं. त्यात राहणारा ऑस्कर मासा काचेला तोंड घासत भिरभिरत राहिला.

"त्याचं घर का मोडलं, बाबा?" शाल्मलीनं विचारलं.

"उद्या नवा मासा येतोय. मांडणी बदलली की जुन्याला आपली जागा ओळखू येत नाही. मग तो नव्याच्या अंगावर जात नाही."

मे महिन्याच्या सुट्टीत ती मामाकडे राहायला गेली. परत आली तर टीव्ही दुसऱ्याच भिंतीवर होता. तिचा पलंग गॅलरीत. वारलेल्या आईचा फोटो होता त्या खिळ्याला कॅलेंडर. स्वयंपाकघरातून हिरवा चुडा भरलेली एक बाई बाहेर आली.

"हिला आई म्हणायचं," बाबा म्हणाले.

शाल्मली बॅग हातात धरून उभीच राहिली. ती कुठे ठेवायची, तिला कळेना. बाबा तिला निरखत होते, फिश टँकसमोर बसून निरखायचे तसे. मग समाधानानं नव्या बायकोकडे वळले.

"बघ, म्हटलं होतं ना. काही त्रास देणार नाही ती."