आपल्याच बोटांची नाडी

"तुझीच नाडी लागतेय तुला, वेडे," टेबलावर उताणा पडलेला क्लेटन हसला. "सर रोज कानीकपाळी ओरडतात, विसरलीस?"

मेरीबेथने त्याच्या उघड्या दंडावरून बोटं उचलली, झटकली आणि पुन्हा ठेवली. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातल्या त्या ऑस्टिओपॅथी कॉलेजात, म्हणजे हातांनी चाचपून रोग ओळखायला शिकवणाऱ्या डॉक्टरकीच्या कॉलेजात, शिकायचं ते असंच, एकमेकांच्या अंगावर. आज मज्जासंस्थेची तपासणी होती. आधी हात, मग हातोडी. बोटं जोरात दाबली की आपलीच नाडी समोरच्याची थरथर वाटायला लागते. ही चूक तिथे प्रत्येकाकडून होते, आणि त्यावरून प्रत्येकाची थट्टाही होते.

"मी दाबतच नाहीये, क्लेट. नुसती टेकवलीत. आत काहीतरी वळवळतंय, आणि नाडीसारखं ठेक्यात नाही."

"कॉफी जास्त झालीय."

तिने तपासणीची रबरी हातोडी घेतली. गुडघ्याला हलकेच लागली मात्र, त्याचा पाय नको तितका ताडकन उडाला. शेजारच्या टेबलावरचे खिदळले. मेरीबेथ हसली नाही. त्याचा उजवा पंजा हातात घेऊन तिने अंगठ्याच्या बुडाशी चाचपून पाहिलं. तिथलं मांस झिजून खळगा पडला होता. शर्टाची बटणं लावताना हल्ली त्याची तारांबळ उडायची. थंडीने बोटं आखडतात, अशी तो स्वतःची समजूत घालत आला होता.

थरथर, झिजलेलं मांस आणि असा उडणारा पाय हे सगळं एकाच माणसात दिसलं तर काय समजायचं, ते कालच शिकवलं होतं. रोग बरा होत नाही, हातात वर्षं थोडी. सरांनी विचारल्यावर क्लेटननेच सगळ्यांच्या आधी उत्तर दिलं होतं, आणि शाबासकीही मिळवली होती.

"सरांना बोलवू?" तिने हळूच विचारलं.

"नको ना. एवढा तास होऊ दे."

"चला, जागा बदला!" तास घेणारे डॉक्टर ऑस्बर्न ओरडले.

मेरीबेथ टेबलावर आडवी झाली आणि छताकडे बघत राहिली. क्लेटनने तिच्या दंडावर बोटं टेकवली, अजिबात न दाबता. आत काहीच वळवळत नव्हतं. त्याला तिचा हेवा वाटला, आणि त्या हेव्याची लाजही वाटली. तरी काही हलतंय का, याची तो वाट बघत राहिला.

"काय लागतंय रे?" सरांनी मागून विचारलं.

"काहीच नाही, सर," क्लेटन म्हणाला. "एकदम शांत आहे."

पण त्याला हात उचलवेना.