डिझेलचोर

मेकॅनिकपेक्षा आपल्याला जास्त कळतं, या तोऱ्यात काकांनी आजोबांच्या जुन्या ट्रकला रिटर्न लाइन स्वतःच बसवली. पंप डाव्या टाकीतून डिझेल ओढणार आणि इंजिनाने न जाळलेलं, उरलेलं डिझेल उजव्या टाकीत परत सोडणार!

"काका, जिथून घेतलं तिथेच परत सोडायला हवं ना?" पुतणीने विचारलं.

"तू आधी भूमितीत पास हो. उजवीकडे पाइप शोभून दिसतो."

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला जाताना ट्रक चढावरच बंद पडला. डावी टाकी कोरडी ठणठणीत! काकांनी वीस वर्षं इमानाने राबलेल्या ड्रायव्हरची कॉलर धरली. "सकाळीच टाकी भरली होती, चोरा! डिझेल विकून खाल्लंस! उद्यापासून तोंड दाखवू नकोस."



पुतणीने उजव्या टाकीचं झाकण फिरवलं, आणि तुडुंब भरलेल्या टाकीतून 'विकून खाल्लेलं' डिझेल भळाभळा काकांच्या नव्याकोऱ्या पांढऱ्या बुटांवर आलं.