लाल हापशी

"हापशीले लाल रंग कोनं लावला?" तांड्याचे प्रमुख धावजी नाईक यांनी विचारलं.

"मी लावला," मिताली म्हणाली. "लाल म्हणजे धोका. हे पाणी आता कुणी प्यायचं नाही."

नाईकांनी मान डोलावली, पायातल्या वहाणा काढल्या, हापशीला हात जोडले आणि निघून गेले.

मिताली लंडनची, पण आजोळ यवतमाळचं. मुकुटबनजवळच्या या बंजारा तांड्यावर ती स्वयंसेविका म्हणून सहा महिने राहत होती. कापसाच्या संकटामुळे त्या वर्षी जिल्ह्यात पाहुण्यांच्या मोटारींची रीघ लागली होती. शेतकऱ्याचं दुःख बघायला सगळे येत. तांडा पितो काय, हे बघायला मात्र कुणी फिरकत नव्हतं. हापशीच्या पाण्यातल्या फ्लोराईडनं पोरांचे दात पिवळे पडत, गुडघे वाकत. मितालीनं माणसं जमवून जुनी विहीर उपसून घेतली. तिचं पाणी तपासलं, तर एकदम चोख. पण विहीर शेतांपलीकडे आणि हापशी दारात. मग चालतंय कोण? आता तिच्या परतीला आठ दिवस उरले होते.

त्यात लाल रंगानं घात केला. दुसऱ्याच सकाळी तांड्यावरच्या म्हाताऱ्या बिजलीबाईनं हापशीपुढे नारळ फोडला. "याडी आली!" याडी म्हणजे आई, अर्थात देवी. दुपारपर्यंत हापशीवर दुप्पट गर्दी झाली. कालपर्यंत ते नुसतं पाणी होतं, आता तीर्थ झालं.

बिजलीबाईची नात निकिता सात वर्षांची. चालताना तिचे गुडघे एकमेकांना घासायला लागले होते.

"बिजलीबाई, निकिताचे पाय जातील हो!"

"तू मले नोको शिकवू. देवीच्या कामात कायले बोट घालून राह्यली?"

सहा महिने पालथ्या घड्यावर पाणी ओतलं, असं मितालीला वाटलं. खोलीत जाऊन ती पोटभर रडली.

मंगळवारी हापशीची आरती झाली आणि बिजलीबाईच्या अंगात आलं. केस सुटले, डोळे फिरले.

"हे पानी माह्या एकटीचं! मानसाच्या तोंडाले लागलं तर तांडा सोडून जाईन!"

धावजी नाईकांनी लोटांगण घातलं. "चुकलं, याडी. मंग आमी काय प्याचं?"

"हीर काय मेली?"

त्याच संध्याकाळी विहिरीवर रांग लागली. शुक्रवार आला तरी हापशीच्या दांड्याला कुणी शिवलं नव्हतं. आजीबरोबर निकिताही छोटी कळशी घेऊन विहिरीवरून येताना दिसली, तेव्हा मितालीला आनंद आवरेना. आपल्याला सहा महिन्यांत जमलं नाही ते देवीनं एका आरतीत केलं! देव न मानणाऱ्या मितालीनं येता जाता हापशीला हात जोडले.

निघायच्या दिवशी बिजलीबाई तिला एस.टी.पर्यंत पोचवायला आली. गाडी लागली. आजूबाजूला ओळखीचं कुणी नाही असं बघून बिजलीबाईनं तिला जवळ ओढलं.

"पोरी, त्या बाजूच्या चार तांड्यायचं पानीबी असंच हाये ना?"

"हो, तसंच."

"मंग सांग बिगीनं, पुढच्या मंगळवारी कोन्या तांड्यावर अंगात आनू?"